पारोसा दगड

आत्याचं दगडांबद्दलचं मत एकच होतं. दगड आला की आधी त्याला आंघोळ, मग बाकीच्या गप्पा. तो समुद्राच्या तळातून आलेला असो, डोंगरमाथ्यावरून असो, नाहीतर कुणा हौशी गृहस्थानं परसातून उचलून आणलेला असो. संस्थेच्या दारातून आत शिरला की त्याचा पहिला मुक्काम तळमजल्यावर, आत्याच्या मोरीवर. न धुतलेल्या दगडाला ती 'पारोसा' म्हणायची, आणि पारोशाला वरचा मजला दाखवायचा नाही हा तिचा एकतीस वर्षांचा नेम होता. वरचे विद्वान तिला हसायचे, पण दगड मात्र गुपचूप तिच्याकडेच पाठवायचे, कारण तिच्या हातून गेलेल्या दगडाच्या भेगेत मातीचा कण शोधूनही सापडत नसे.

तशी ती एकाच मुलीची आत्या. पण ती मुलगी शाळा सुटली की थेट संस्थेत यायची, मोरीजवळच्या तीन पायांच्या स्टुलावर बसून "आत्या हे काय, आत्या ते काय" असं डोकं खायची, आणि ते ऐकून ऐकून अख्खी संस्थाच तिला आत्या म्हणायला लागली. साहेब संस्थेचे प्रमुख, वयानं आत्याहून दोन वर्षांनी मोठे, पण तेही आत्याच म्हणत. स्टुलावरची ती भाची आता चौतीस वर्षांची होती आणि त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खनिजांची डॉक्टर म्हणून काम करत होती. डोकं खायचं मात्र तिनं सोडलं नव्हतं.

आत्याच्या नेमाला एक शेपूटही होतं. नोकरीला लागली त्या वर्षी एका प्राध्यापकानं "माझा दगड तुम्ही बदललात" असा आळ तिच्यावर घेतला होता. धुतल्यावर दगडाचा रंग पालटतो हे त्या विद्वानाला ठाऊक नव्हतं, आणि शिकवणार कोण? तेव्हापासून प्रत्येक दगड धुण्याआधी त्याच्या तोंडावर ती पारदर्शक चिकटपट्टी दाबायची, पट्टीला लागलेली धूळ वहीत चिकटवायची आणि शेजारी तारीख घालायची. "आंघोळीआधीचा फोटो" असं ती त्याला म्हणे. अशा तेवीस वह्या तिच्या खणात होत्या. त्यांत कुणी कधी डोकावलं नव्हतं, कारण धूळ बघायला कोण जातं?

तर ही गोष्ट आत्यानं धुतलेल्या एका दगडाची आहे.

भाचीनं दोन वर्षांपूर्वी एका ज्वालामुखीच्या कुशीतून मूठभर खडे आणले होते. ज्वालामुखीला म्हणे मोठं तोंड असतं तशी बारकी बारकी नाकंही असतात. त्यांतून रात्रंदिवस कढत वायू बाहेर फुसफुसत असतो.

"आणि आत्या, त्या धुरातून दगड होतात," भाची डोळे मोठे करून सांगत होती.

"धुरातून काजळी होते, बये."

"काजळीच समज. वायू बाहेर येतो, गार हवा लागते, आणि त्यातलं तांबं, पोटॅशियम, क्लोरीन असं जे काही असेल ते भोकाच्या काठावर बसतं. पाणी होत नाही, रस होत नाही. थेट धुराचा स्फटिक!"

त्या मूठभर खड्यांत एका खड्यावर तिला भिंगाखाली मोरपंखी सुया दिसल्या होत्या. केसाहून बारीक. यंत्रानं त्यांच्यात जे असल्याचं सांगितलं ते जगातल्या कुठल्याच यादीत नव्हतं. म्हणजे नवं खनिज. भाचीनं त्या दिवशी जिना चढता उतरताना दोन-दोन पायऱ्या गाळल्या. पण पुढच्या तपासण्या करायला घेतल्या तोवर हवेतला ओलावा पिऊन त्या सुयांचा चिकट ठिपका झाला होता. नवं खनिज असं तोंडी सांगून होत नाही. जगभरच्या खनिजवाल्यांची एक समिती आहे. तिला आतली रचना मोजून दाखवावी लागते, आणि एक अस्सल नमुना कुठल्या तरी संग्रहालयात कायमचा जमा करावा लागतो. ठिपका जमा करून कोण घेणार?

म्हणून भाची पुन्हा गेली. नाकाला मुखवटा, हाताला जाड मोजे, आणि या खेपेला हवाबंद डबा घेऊन. सतराव्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा आत्या दगड कापायच्या करवतीला तेल देत होती.

"आत्या, मिळाला! मुठीएवढा तुकडा, एका अंगानं सगळा मोरपंखी. आणि दोन दिवसांनी ते भोकच ढासळलं. वरून मोठ्ठी दरड आली. म्हणजे जगात आता एवढाच."

"आणि तू?"

"माझा पाय मुरगळलाय. प्लास्टर घातलंय. डबा सहकाऱ्याबरोबर पुढे पाठवतेय, मी शनिवारी येते."

"पाय आधी सांगायचास की दगड?" आत्या ओरडली. भाची पलीकडे हसत सुटली.

डबा सोमवारी आला. डब्यावर भाचीच्या अक्षरात तीन ओळी होत्या: उघडू नये. धुऊ नये. पाण्यापासून दूर. प्रत्येक ओळीखाली दोन रेघा. साहेबांनी तो आत्याच्या हातात ठेवला. "तिसऱ्या मजल्यावर तिच्या कपाटात ठेवा. उद्या संग्रहालयाचे पाहुणे येताहेत, लांबून दाखवू."

आता आत्या डबा घेऊन सरळ तीन जिने चढली असती तर गोष्ट इथंच संपली असती. पण आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. डबा तिच्या नाकाशी आला आणि हवाबंद झाकणाच्याही कडेनं नासक्या अंड्यांचा नि विझलेल्या आगकाडीचा असा काही भपकारा आला की तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. उद्या पाहुणे येणार. भाचीच्या जन्माची कमाई त्यांच्यासमोर जाणार, ती काय अशी पारोशी? धुऊ नये असं तर गेल्या एकतीस वर्षांत निम्म्या डब्यांवर लिहून आलं होतं. लिहिणारे घाबरट असतात. दगडाला ब्रशनं ओरबाडलं तर काय, म्हणून लिहितात. ब्रश लावायचाच नाही, नुसता कोमट पाण्यातून काढायचा. विसळणं म्हणजे काही धुणं नव्हे.

तिनं ॲप्रन चढवला. दगड टबात धरला आणि वरून लोट्यानं कोमट पाणी सोडलं. एक लोटा, दुसरा लोटा.

तिसऱ्या लोट्याला तिचा हात थांबला. टबातलं पाणी मोरपंखी झालं होतं. एकतीस वर्षांत तिनं तांबडं पाणी पाहिलं, पिवळं पाहिलं, चहासारखं नि चिखलासारखं पाहिलं, पण इतकं सुंदर पाणी कधी पाहिलं नव्हतं. हातातला दगड मात्र काळाकुट्ट, भोकाभोकांचा आणि लख्ख स्वच्छ होता. कुठंही एक सुई नाही.

आत्या स्टुलावर बसली. किती वेळ बसली ते तिलाही सांगता आलं नसतं, पण साहेब खाली आले तेव्हा नळ तसाच ठिबकत होता.

साहेबांनी टब पाहिला, दगड पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा टब पाहिला. साहेब मनानं मऊ माणूस. ते हळूच म्हणाले, "आत्या, प्रवासात ओलावा लागतोच. झाकण सैल होतं असं म्हणू आपण. तिला नाही कळायचं."

"साहेब," आत्या उठून उभी राहिली, "एकतीस वर्षांत मी धुतलेल्या दगडाचं श्रेय कुणाला दिलं नाही. आता ओलाव्याला देऊ?"

आणि ॲप्रनला हात पुसत तिनं स्वतःच फोन लावला.

"मी तुझा दगड धुतला," ती म्हणाली. विसळला असं म्हणायचं तिनं फोन लावता लावता ठरवलं होतं, पण भाचीचा आवाज ऐकल्यावर ते जमेना.

पलीकडून बारीक आवाजात, "सगळा?"

"सगळा. कोमट पाण्यानं."

"डबा?"

"तोही विसळलाय आतून. आणि तू गुंडाळलेलं फडकं धुऊन दोरीवर घातलंय." आत्याला स्वतःच्याच कामसूपणाचा एवढा राग आयुष्यात आला नव्हता. "ओलावा शोषायच्या पुड्या होत्या त्या कचऱ्यात गेल्या. कचरा गाडीत गेला."

"पाणी फेकू नकोस," भाची म्हणाली. "शनिवारी येते." फोन बंद झाला. तिनं आरडाओरडा केला असता तर आत्याला बरं वाटलं असतं.

तो आठवडा संस्थेत विचित्र गेला. साहेब शर्टाच्या बाह्या सारून स्वतः टबापाशी बसू लागले. पाहुण्यांना त्यांनी दारातूनच चहा पाजून वाटेला लावलं होतं. पाणी ते थोडं थोडं काचेच्या थाळीत घ्यायचे आणि मंद आचेवर आटवायचे. बुडत्याला काडीचा आधार, तसं आत्या थाळीकडे बघत उभी राहायची. गुरुवारी थाळीच्या काठाला हिरवट निळी कडा धरली. शुक्रवारी तिच्यात बारीक बारीक कण चमकायला लागले. साहेब टाळी वाजवून म्हणाले, "आलं! आत्या, आलं परत!" आत्याच्या जिवात जीव आला. पाच दिवसांत तिनं एकाही दगडाला पाणी लावलं नव्हतं, तीन पोती दाराशी पारोशीच पडली होती, पण त्या दिवशी तिनं निदान मोरी तरी घासली.

शनिवारी भाची आली. एका काखेत कुबडी, दुसऱ्या खांद्यावर पिशवी, प्लास्टरवर कुणीतरी पेनानं ज्वालामुखी काढलेला. तळमजल्याच्या दारात दोघी समोरासमोर आल्या. आत्या तिच्या पायाकडे बघत होती आणि भाची टेबलावरच्या काळ्या दगडाकडे.

"बस आधी," आत्या म्हणाली.

भाची त्याच तीन पायांच्या स्टुलावर बसली. साहेबांनी थाळी तिच्यापुढे अशी ठेवली, जणू स्वतःच बाळंत झाले होते. तिनं भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ बघितलं.

"सुंदर आहे," ती म्हणाली. साहेबांचा चेहरा फुलला. "पण चालणार नाही."

"का? रंग तोच, सुया त्याच, दिसतायत की!" साहेब म्हणाले.

"सर, हे आपण बनवलं. तुम्ही आणि आत्यानं, थाळीत. खनिज म्हणजे जे पृथ्वीनं स्वतः केलं ते. त्या भोकाच्या काठावर, त्या धुरातून, माणसाचा हात न लागता झालं ते. नळाच्या पाण्यातून उगवलेलं समितीला दाखवलं तर ते म्हणतील, छान, पण हा तुमच्या स्वयंपाकघरातला माल." तिनं भिंग खाली ठेवलं. "पावसाचा एक शिंतोडा पडला तरी हे विरघळतं. म्हणून तर जगात कुठं सापडत नाही. दोन पावसांच्या मधे जेवढं जगेल तेवढंच त्याचं आयुष्य."

आत्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलायला लागले. एकतीस वर्षं तिनं स्वच्छतेचा टेंभा मिरवला होता, आणि त्या टेंभ्यानं घर जाळलं ते नेमकं हिचं. तिच्या हातांवर वाढलेल्या पोरीचं. ती रडली, चांगली हुंदके देऊन रडली, आणि साहेबांना काय करावं सुचेना म्हणून ते नळ घट्ट करत बसले. नळ मुळात बंदच होता.

"आत्या," भाची म्हणाली. तिचाही आवाज ओला होता. "ये इकडे. माझ्यासमोर बस."

आत्या पोत्यावर बसली.

"सोमवारी काय काय केलंस ते क्रमानं सांग. अगदी बारीकसारीक. दगड कुठं टेकवलास, कशाला लागला. एखादा कण पाण्याशिवाय कुठं राहिला असेल तर बघू."

"काही राहिलेलं नाही गं. मी कोपरे सोडते होय?"

"सांग तर."

आत्यानं नाक पुसलं. "डबा आणला. वास आला. ॲप्रन घातला. टेबलावर कागद पसरला, तो नंतर टाकला. झाकण उघडलं. फडकं सोडलं. दगड हातात घेतला, तो केवढा हलका, म्हटलं आत नुसती हवा आहे. मग रोजच्यासारखी पट्टी लावली, मग टब पुढे ओढला, लोटा..."

"थांब."

"लोटा भरला आणि..."

"आत्या, थांब! पट्टी लावलीस?"

"लावली की. धुण्याआधी लावते ना मी नेहमी. का?"

भाची कुबडी न घेताच उठली आणि प्लास्टरचा पाय टेकताच कळवळून परत बसली. "कुठल्या बाजूला लावलीस?"

"तोंडावर. फोटो तोंडाचा काढतात, पाठीचा कुणी काढतं का?"

"मोरपंखी बाजूला?"

"तेच तर तोंड होतं त्याचं."

साहेब आळीपाळीनं दोघींकडे बघत होते. आत्याला अजून उमगलं नव्हतं. पट्टी लावणं हे तिच्या लेखी ॲप्रन बांधण्यासारखं होतं. ॲप्रन बांधल्याची आठवण कोण ठेवतं? मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडायला लागला आणि ती पोत्यावरून अशी उठली की पोतं आडवं झालं.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते उगीच नाही. ज्या थाळीपाशी सगळ्यांनी आठवडाभर नवस केल्यासारखी बैठक मारली होती, तिच्या बरोबर खालच्या खणात तेविसावी वही पडून होती. आत्यानं ती काढली. सोमवारचं पान उघडलं. पानावर बोटभर लांबीची पट्टी होती आणि पट्टीत राखाडी धूळ, तिच्यात कुठं कुठं निळसर झाक. शेजारी आत्याचं वळणदार अक्षर: 'भाचीचा दगड. फार वास. आंघोळीला घेतला.'

"पण कागदातून ओल शिरते," साहेब पडलेल्या आवाजात म्हणाले. "सहा दिवस झाले."

भाची पट्टीच्या कडेवरून नख फिरवत होती. "दोन पट्ट्या आहेत सर. एक खाली, एक वर. धूळ मधे बंद आहे." तिनं मान वर केली. "आत्या, तू दोन का लावतेस?"

"मी कुठली लावायला? तूच लावलीस पहिल्यांदा. दुसरीत होतीस. म्हणालीस, एकच लावली तर पान उलटल्यावर मागून दिसत नाही, मला दोन्हीकडून बघायचंय. म्हणून पानाला खिडकी कापायची, खाली पट्टी, वर पट्टी. तेव्हापासून तसंच चाललंय. मला काय ठाऊक त्यात काही अर्थ आहे की नाही ते."

भाचीनं पान उलटलं. खरंच तिथं छोटी चौकोनी खिडकी होती आणि मागूनही धूळ दिसत होती. तिनं ओठ दाताखाली धरला. मग म्हणाली, "वर चला. मला कुणीतरी धरा."

तीन जिने साहेबांनी एका बाजूनं आणि आत्यानं दुसऱ्या बाजूनं तिला जवळजवळ उचलूनच नेलं. वही आत्यानं हनुवटीखाली दाबून धरली होती, कारण हात मोकळा नव्हता आणि ती दुसऱ्या कुणाला द्यायची तिची तयारी नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली पान सरकवलं गेलं. भाचीनं चाकं फिरवली. आधी राखाडी, मग काळं, मग पुन्हा राखाडी. एक केस दिसला, तो आत्याच्या ब्रशचा निघाला.

मग भाचीच्या हातातलं चाक थांबलं.

"काय गं? विरघळलंय का?" आत्यानं विचारलं.

भाची बाजूला झाली. "तूच बघ."

आत्यानं एकतीस वर्षं दगड धुतले होते, पण त्या नळीला डोळा लावायचा प्रसंग तिच्यावर आला नव्हता. तिथं वरच्या मजल्यावरच्या लोकांचा डोळा लागायचा. तिला आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग राखाडी भुकटीचं एक शेत दिसलं, आणि त्या शेताच्या मधोमध उभ्या आडव्या पडलेल्या सुया. मोरपंखी. प्रत्येकीला सहा बाजू, टोकं कातरल्यासारखी सरळ, आणि अंगातून उजेड आरपार जाणारा. एक, दोन, पाच. कोपऱ्यात आणखी चार. धुरानं केलेल्या, आत्याचं पाणी न लागलेल्या.

"अगं बाई," ती म्हणाली. "ह्या एवढ्या देखण्या होत्या? आणि मी ह्यांना आंघोळ घालायला निघाले!"

मग भाची हसायला लागली, आणि आत्याही हसायला लागली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसता हसता पुन्हा रडायला लागल्या. कुबडी दाणकन पडली. साहेबांनी ती उचलली आणि आनंदाच्या भरात स्वतःच काखेत घेऊन खोलीभर चालून बघितली.

एवढी बारीक सुई पुरेल का, अशी शंका आत्याला रात्रभर येत राहिली. पण पुरली. कोरड्या हवेच्या काचेच्या पेटीत हात घालून भाचीनं पट्टीच्या एका कोपऱ्यातून एक सुई सोडवली; तेवढ्या कामाला तिला अर्धा दिवस लागला. त्या एका सुईनं आपली सगळी रचना क्ष-किरणांना निमूटपणे सांगितली. बाकीच्या आठ पट्टीतच राहिल्या. कागदपत्रं समितीकडे गेली. पाच महिन्यांनी उत्तर आलं: मान्य, एकमतानं. भाचीच्या पायाचं प्लास्टर तोवर निघालं होतं, म्हणून तिनं जिना उतरताना पुन्हा दोन पायऱ्या गाळल्या आणि मोरीपाशी येऊन आत्याला ओल्या हातांसकट उचललं.

खनिजाला आत्याचं नाव द्यायचं भाचीच्या फार मनात होतं. आत्यानं साफ सांगितलं, "मी ज्याला बुडवायला निघाले त्याला माझं नाव? लोक हसतील. आणि तू माझी भाची, घरच्या घरी नावं वाटतेस म्हणतील ते वेगळंच." शेवटी त्या ढासळलेल्या भोकाचंच नाव खनिजाला मिळालं. ते इतकं अवघड आहे की खुद्द साहेबांना अजून धड उच्चारता येत नाही.

आता राहिलं होतं नमुना जमा करणं. शहरातल्या संग्रहालयाचे भांडारपाल म्हणजे कुलूपकाका. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल संशय, ही त्यांची ओळख. आत्या आणि भाची दोघी वहीचं ते पान काचेच्या चपट्या पेटीत घालून त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. पेटीत ओलावा शोषायच्या चार पुड्या होत्या. चारही आत्यानं स्वतः ठेवल्या होत्या.

कुलूपकाकांनी पेटी उलटसुलट करून बघितली. "दगड कुठाय?"

"हाच," भाची म्हणाली.

"हे पान आहे. आमच्याकडे दगड जमा होतात, पानं नाही. पानांचा विभाग दुसऱ्या इमारतीत."

"दगड आमच्या खिडकीत आहे," आत्या म्हणाली. "वाऱ्यानं खिडकी आपटते म्हणून लावलाय. हवा तर आणते, पण लख्ख धुतलेला आहे, त्यात काही नाही."

अर्धा तास वाद झाला. समितीचं पत्र दाखवून झालं. शेवटी कुलूपकाकांनी सुस्कारा सोडला, नोंदपत्रक काढलं आणि एकेक रकाना मोठ्यानं वाचत भरायला घेतला. नमुन्याचा प्रकार: वहीचं पान, चिकटपट्टीसह. सापडल्याचं ठिकाण: आता अस्तित्वात नाही. वजन? काट्यावर ठेवलं, काटा हलला नाही, तसं लिहिलं.

"आता हा रकाना तुमचा, आत्या," ते म्हणाले आणि पत्रक त्यांनी तिच्याकडे फिरवलं. "'नमुना स्वच्छ केला आहे का? कुणी?' दर वेळी तुमचीच सही असते इथं."

ते खरं होतं. एकतीस वर्षांत त्या संग्रहालयात गेलेल्या प्रत्येक दगडाच्या पत्रकावर त्या रकान्यात 'होय' लिहून आत्यानं सही केली होती. कुलूपकाकांच्या कपाटांत तिचे शेकडो होय जपून ठेवलेले होते. भाची आत्याच्या हाताकडे बघत होती.

आत्यानं पेन घेतलं. टोपण काढलं. जरा वेळ पेटीतल्या त्या निळसर झाकेकडे बघितलं, आणि मग वळणदार अक्षरात लिहिलं: 'नाही. पारोसा.'

सही केली. कुलूपकाका पत्रक ओढायला लागले तसा तिनं त्यावर तळवा ठेवला, रकान्यात जागा नव्हती म्हणून समासात पेन वळवलं आणि आणखी एक ओळ लिहिली.

'कुणीही धुऊ नये. मीसुद्धा नाही.'